गेनपाचीच्या दारावरचं गुलाबी फूल

आमच्या सोरेउरात पाऊस पडत नाही, राहायला येतो. सहावा महिना लागला की समुद्रावरून उठतो, डोंगराला टेकून बसतो आणि बिऱ्हाड मांडतो. मी जन्मभर कौलं चढवायचं काम केलं. एकदा शेवाळ काढायला छपरावर चढलो, तर पन्हाळीत जिवंत बांगडा सापडला. माझी बायको फुसाए म्हणते, तो मांजरीनं टाकला असणार. पण मांजर तेव्हा माझ्या शेजारीच बसली होती आणि तीही माझ्याइतकीच चकित झाली होती.

अशा पावसात माणसाला बुरशी येते आणि हायड्रेंजियाला बहर. आमच्या गावात दर घरी एक तरी झाड आहेच, आणि ते निळंच. माती तशी आहे. बाहेरून कुठल्याही रंगाचं झाड आणून लावा, दोन-तीन वर्षांत ते गुपचूप निळं होतं, नव्या सुनेनं सासरची भाषा उचलावी तसं. देवळातलं तेवढं पांढरं आहे, पण ते देवळातलं आहे, त्याला कोण विचारणार. आता निळ्यातही निळे असतात. आमचं शाईसारखं. मागल्या गल्लीतल्या इसोयोबाईचं मात्र पाऊस उघडल्यावर क्षणभर दिसतं त्या आभाळाचं. ती त्याच्या बुंध्याशी चहाचा चोथा घालायची, पाइनच्या काड्या पसरायची, बहर सरला की लगेच छाटायची. उशिरा छाटलं की पुढच्या वर्षीचे कळे कात्रीत जातात, हे ती वाटेनं जाणाऱ्यालाही थांबवून सांगायची.

आणि आमची एक रीत आहे. सहाव्या महिन्याच्या सोळा तारखेला हायड्रेंजियाच्या फुलांचा एक गेंद दारावर उलटा टांगायचा. मग वर्षभर घरात कोणी अंथरुणाला खिळत नाही. पण तो गेंद दुसऱ्याच्या बागेतला हवा. मागायचा नाही, विकत घ्यायचा नाही, कोणी दिला तर घ्यायचा नाही. चोरायचा. चोरानं फुलाकडे बघायचं नाही, हातानं चाचपून कापायचं, लगेच फडक्यात गुंडाळायचं आणि दारावर बांधून झाल्यावरच फडकं सोडायचं. ज्याच्याकडे चोरी व्हायची असते त्यानं सकाळभर बागेकडे पाठ करून बसायचं. कात्रीचा आवाज आला तर खोकायचं. त्या सकाळी ज्याच्या झाडाला कोणाची कात्री लागली नाही, ते घर पुढे कित्येक दिवस मान खाली घालून हिंडतं.

आता गेनपाची. समुद्रात तराफे टाकून कालवं वाढवतो, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, आणि इसोयोबाईच्या बागेच्या मागच्या भिंतीला लागून त्याचं घर. दर वर्षी तो त्या बुटक्या भिंतीवरून वाकून इसोयोबाईचंच फूल चोरायचा. दर वर्षी ती पुढच्या ओटीवर पाठ करून बसायची आणि कात्री वाजली की क्षयरोग झाल्यासारखी खोकायची. तिचा नवरा जाऊनही काळ लोटला होता. सगळं गाव बघत होतं, दोघं सोडून.

शेवटी मागल्या वर्षीच्या हिवाळ्यात गेनपाचीनं हिय्या केला आणि फुसाएकरवी विचारलं. इसोयोबाई म्हणाली, "सोळा तारखेला बघू. त्याच्या दारावर माझंच फूल दिसलं तर हो म्हणेन. नाही दिसलं तर मी नागोयाला लेकीकडे निघून जाते, ती कधीची बोलावतेय. पण त्याला यातलं काही सांगू नकोस. सांगून केलेल्या चोरीत काय अर्थ?"

फुसाए म्हणाली, "अगं, तो दर वर्षी तुझंच तर नेतो."

"दर वर्षी शहरात ती खानावळवाली नव्हती," इसोयोबाई म्हणाली.

तर ती खानावळवाली. स्टेशनासमोर तिनं दुकान थाटलं होतं, गेनपाची तिला कालवं पुरवायचा, आणि ती मोठ्यानं हसायची. तिच्या दाराशी कुंड्या होत्या. कुंड्यांत हायड्रेंजिया. गुलाबी.

फुसाएनं हे मला सांगितलं आणि कोणाला न सांगण्याची शपथ घातली. मी शपथ पाळली. फक्त देवळातल्या रेन्काइ महाराजांना सांगितलं, कारण त्यांना सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. तिथे न्हावी बसला होता, याला मी काय करू?

सोळा तारीख उजाडली. पाऊस बारीक, धुकं असं की मी ओटीवरून थुंकलो आणि ते खाली पडल्याचा आवाज जेवताना आला. गावभर पाठी फिरल्या, कात्र्या वाजल्या, खोकले झाले. दुपारी बायका छत्र्या घेऊन निघाल्या. कोणी आल्याचा तुकडा मागायला, कोणी उसनं भांडं परत करायला, पण डोळे सगळ्यांचे दारांवर. आणि आमची फुसाए धावत घरी आली. चपला तशाच चिखलाच्या, आत.

"अहो, घात झाला. गेनपाचीच्या दारावर गुलाबी आहे!"

"काय गुलाबी?"

"काय म्हणजे? फूल! लाजेसारखं गुलाबी. इसोयोनं बघितलं. छत्री मिटली आणि पावसातून तशीच घरी गेली. आता कपाट उपसून बसलीय. लेकीला फोन केला, जावई शनिवारी छोटा ट्रक घेऊन येतोय."

मी मुकाट गमबूट चढवले. गेनपाची दारात उभा होता, मान वर करून. वर ते फूल उलटं लोंबत होतं, टपोरं, पाण्यानं निथळत. खरंच गुलाबी.

"गेनपाची, हे काय रे?"

"तोकुझोदादा, तेच मी कधीचा बघतोय."

"कुठून आणलंस?"

"इसोयोबाईंकडून."

"त्यांचं झाड निळं आहे, गाढवा."

"ते मला ठाऊक नाही होय? निळ्यातच हात घातला दादा, आईशपथ. कापलं, गुंडाळलं, बांधलं, सोडलं, आणि हे." त्यानं फडकं माझ्यापुढे धरलं, जणू त्यातच चूक राहिली होती. "मला वाटतं, कोल्ह्याचं काम असेल."

"कोल्हा हायड्रेंजिया कशाला बदलेल?"

"तानुकी मग."

आता तानुकी म्हणजे रूप बदलून माणसांना चकवणारं जनावर, त्याच्या खोड्यांवर मी तीन रात्री बोलू शकतो. एका तानुकीनं माझा मेव्हणा होऊन माझी साके दारू प्यायली होती, आणि खरा मेव्हणा अजून नाकबूल करतो. पण तानुकी फुलाचा रंग बदलतो हे मीही ऐकलं नव्हतं. मला काहीच कळेना. गेनपाची खोटं बोलणारा नाही. त्याला ते जमतच नाही, एकदा प्रयत्न केला तेव्हा उचकी लागली होती. आता त्याला उचकी लागली नव्हती. म्हणजे फूल इसोयोबाईचं. पण इसोयोबाईच्या झाडाला गुलाबी फूल नाही. म्हणजे फूल तिचं नाही. पण त्याला उचकी नाही. मी घरी येईपर्यंत हेच करत होतो आणि दोनदा चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो.

मग मला एक युक्ती सुचली. युक्ती म्हणजे काय, आमच्याच झाडाचा एक गेंद कापायचा, गेनपाची तराफ्यावर गेला की गुलाबी काढून तिथे निळा टांगायचा, आणि फुसाएला सांगायचं की इसोयोला म्हणावं, धुक्यात तुला चुकीचं दिसलं, पुन्हा जाऊन बघ. शाईचा निळा आणि आभाळाचा निळा धुक्यात कोण ओळखतो? गेनपाचीची नाव बाहेर पडताना दिसली तसा मी छत्रीत फूल लपवून निघालो.

दारावर पोचलो तर तिथे निळं होतं.

मी डोळे चोळले. गुलाबी नाहीच. निळं, ठळक, शाईसारखं. मी म्हटलं, चला, झाड आपोआप शुद्धीवर आलं. पण मग वाटलं, हे तर आमच्याच झाडासारखं दिसतं. आणि दोरीही आमच्याकडची, चहाच्या पुड्याची. मी तसाच उभा, तेवढ्यात मागून कोणी खाकरलं. रेन्काइ महाराज. बाहीतून पांढरा गेंद डोकावत होता.

"तोकुझो," ते म्हणाले, "मी सहज फिरत होतो."

"मीही महाराज."

"तुझ्या छत्रीतून पानं बाहेर आली आहेत."

"तुमच्या बाहीतूनही."

मग महाराज म्हणाले, "पांढऱ्याला कोणताच रंग नसतो. म्हणजे तो कोणाचाही असू शकतो. असा माझा विचार होता."

"विचार चांगला आहे. पण निळं आधीच कोणीतरी लावलंय. मग गुलाबी गेलं कुठे?"

"ते मी बाजूला, लाकडांवर ठेवलं," घराच्या कोपऱ्यावरून आवाज आला, आणि फुसाए पुढे आली, कात्री हातात घेऊन. "आणि तुम्ही इथे काय करताय? मी घरी पडून राहा म्हटलं होतं ना? कंबर दुखत होती ना तुमची?"

"अगं, पण तू—"

"मी काय? मला वाटलं तुम्हाला काही सुचणार नाही."

एवढ्यात न्हावीही आला. त्याच्या हातात आणखी एक निळं. मागून त्याची बहीण, तिच्याकडेही. सगळे एकमेकांकडे बघतोय, प्रत्येकाच्या हातात फूल, आणि कोणाला कळेना की कोण कोणाला फसवायला आलंय. महाराजांनी कसनुसं हसत पांढरं टांगलं, म्हणाले, आणलंच आहे तर. मग न्हाव्यानं टांगलं. मग मीही टांगलं, आपण का मागे राहावं. कोणीतरी सरपणावरचं गुलाबीही उचलून पुन्हा बांधलं. कोणी, ते अजून कोणी कबूल करत नाही. आणि नेमकं तेव्हा धुक्यातून छत्री आली. इसोयोबाई.

फुसाएनं तिला अर्ध्या तासापूर्वीच सांगून ठेवलं होतं, पुन्हा जाऊन बघ म्हणून.

इसोयोबाईनं दाराकडे बघितलं. खालून वर, वरून खाली.

"हे घर आहे का फुलवाल्याचं दुकान?"

ती फुसाएकडे वळली.

"फुसाए, तू म्हणालीस मला चुकीचं दिसलं. बरोबर आहे. मला एकच दिसलं होतं."

तिच्या आवाजात हसू होतं का रडू, मला सांगता येणार नाही. आणि आता खालच्या वाटेनं गेनपाची वर आला, ओल्या कपड्यांत, खांद्यावर कालवांची टोपली. पाऊस वाढला म्हणून तो अर्ध्यातून परतला होता. त्यानं आपलं दार बघितलं आणि टोपली खाली ठेवली.

"वाढली!" तो म्हणाला. "दादा, ती वाढली!"

"गेनपाचीराव," इसोयोबाई म्हणाली, "सरळ सांगा. गुलाबी कोणाचं?"

"तुमचं."

"माझ्याकडे गुलाबी नाही. त्या खानावळीत आहे."

"तिची कुंडी गुडघ्याएवढी आहे बाई, तिचं फूल वाटीएवढं. हे बघा, हे केवढं आहे! एवढं मोठं या गावात तुमच्याशिवाय कोणाचं असतं?"

इसोयोबाई गडबडली. हे खोटं वाटत नव्हतं आणि हे तिच्या झाडाचं कौतुक होतं. तिनं फुलाचा देठ हातात घेऊन बघितला, पान उलटून बघितलं. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. "पान माझंच आहे," ती हळू म्हणाली. "मग फूल असं का?"

"चला, जिथून कापलं ते दाखवतो," गेनपाची म्हणाला.

चोरानं कापलेली जागा मालकिणीनं बघायची नसते. सगळे महाराजांकडे वळले. महाराजांनी बराच वेळ डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "पाठ करायची ती सकाळी. आता दुपार आहे. मला वाटतं, चालेल. पण मला खात्री नाही."

आम्ही मागच्या गल्लीतून मिरवणुकीसारखे गेलो. त्या भिंतीपलीकडे झाड एवढं दाट की भिंतीकडची बाजू कोणाला दिसतच नाही. इसोयोबाईला पुढूनच बघायची सवय, चोरालाही बघण्याची बंदी. गेनपाचीनं पानं दोन्ही हातांनी बाजूला केली.

आत, भिंतीच्या अंगाला, झाड गुलाबी होतं. सगळंच नाही. पुढून निळं, मागून गुलाबी, आणि मधल्या फांद्यांना काय व्हावं ते ठरत नव्हतं. इसोयोबाई भिंतीला धरून उभी राहिली.

"हे माझं झाड आहे?"

ती खाली वाकली. बुंध्याभोवती, भिंतीच्या कडेनं पांढरी भुकटी पसरलेली होती. कुठून पडलेली नव्हती ती, सारखी, बोटांनी दाबून घातलेली. तिनं चिमूटभर उचलली. कालवांच्या शिंपल्यांचा चुरा.

"हे कोणी टाकलं?"

गेनपाची आपल्या बुटांकडे बघत होता. "गोगलगायी येतात," तो म्हणाला. "बिनकवचाच्या. पावसात कळे खातात. चुरा टोचतो त्यांना, पुढे येत नाहीत."

"कधीपासून?"

"दोन पावसाळे झाले. कळे हिरवे असतानाच टाकतो, भिंतीवरून हात पुरतो तेवढ्यातच. पलीकडे यायचं तर विचारायला हवं होतं."

"विचारायचं होतं मग!"

"तुम्ही चहा घालता ना त्याला. मी म्हटलं, आपण गोगलगायी बघाव्या."

"अरे, चहा निळ्यासाठी!" इसोयोबाई आता ओरडली. "शिंपल्यात चुना असतो, चुन्यानं गुलाबी होतं! मी इकडून निळं करतेय, तुम्ही तिकडून गुलाबी करताय! झाडानं करायचं काय? वेड लागेल त्याला!"

"मला काय ठाऊक," गेनपाची म्हणाला. "कालवांना चुना लागतो. मला वाटलं सगळ्यांनाच लागतो."

न्हाव्याची बहीण हसली आणि हसू दाबायला खोकली. सोळा तारखेच्या खोकल्याची आम्हाला सवय, त्यामुळे दोघं-तिघं उगाच पाठ करून उभे राहिले.

इसोयोबाई खाली बसूनच होती. बोटांनी ती भुकटी चाचपत होती. "गोगलगायी," ती म्हणाली. "मी म्हणत होते, दोन वर्षं कळे इतके स्वच्छ कसे. मला वाटलं, चहाचा गुण." मग तिनं जोरात नाक पुसलं. "फुसाए, जावयाला फोन कर. ट्रक नको म्हणावं."

गेनपाचीला अजून काहीच ठाऊक नव्हतं. "कसला ट्रक?"

फुसाएनं त्याला सांगितलं. सगळं, त्या हिवाळ्यापासूनचं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा कधी निळा झाला, कधी गुलाबी. शेवटी म्हणाला, "म्हणजे हो?"

"हो," इसोयोबाई म्हणाली. आणि उठता उठता थांबली. "नाही. थांबा."

"आता काय?" फुसाए जवळजवळ किंचाळली.

"लग्न झालं की माझं झाड यांच्या घरचं होणार. घरच्या झाडाची चोरी कशी चालेल? पुढच्या वर्षी हे फूल आणणार कुठून? त्या खानावळीतून?"

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. इतक्या वर्षांत हा प्रश्न गावात कोणाला पडला नव्हता, कारण इतक्या वर्षांत कोणी आपल्या चोराशी लग्न केलं नव्हतं. न्हावी म्हणाला, आमच्याकडून चोरा. गेनपाची म्हणाला, मला दुसरीकडे चोरी करता येत नाही. फुसाए म्हणाली, मग करू नका लग्न, राहा आपापल्या घरी. गेनपाची म्हणाला, पण मला लग्न करायचंय. महाराज म्हणाले, एक घर, दोन घरं, हा भेद मुळात खोटा आहे. इसोयोबाई म्हणाली, महाराज, भेद खोटा असला तरी भिंत खरी आहे.

"मग भिंत राहू द्या," गेनपाची म्हणाला. भर पावसात, टोपी हातात घेऊन. "लग्न करू आणि भिंत राहू देऊ. मी माझ्या घरी, तुम्ही तुमच्या. मी जेवायला येईन. पुढच्या दारानं."

इसोयोबाईनं आपली छत्री त्याच्या डोक्यावर धरली. मग म्हणाली, "आणि रात्री?"

"पाऊस असला तर थांबेन."

"इथे पाऊस कधी नसतो?"

महाराजांनी मग पुढच्या महिन्यात काहीतरी विधी केला खरा. मी होतो तिथे. पण कौलांवर पाऊस असा कोसळत होता की दोघं काय बोलले ते महाराजांनाच ऐकू आलं नाही, ते मला स्वतः म्हणाले. नोंद झाली का, कोणाला ठाऊक नाही. पोस्टमन अजून दोन्ही घरी वेगवेगळी पत्रं टाकतो. गेनपाचीच्या चुलीतून धूर निघालेला कोणी पाहिलेला नाही. सकाळी ती भिंतीवरून ओरडते, "अहो, छत्री विसरलात!" आणि दुपारी तराफ्यावरच्या लोकांना तो सांगतो की शेजारच्या इसोयोबाईंची तब्येत बरी आहे.

शिंपल्यांचा चुरा तिनं काढला नाही. चहाही थांबवला नाही.

यंदा सोळा तारखेला ती पुढच्या ओटीवर पाठ करून बसली, तो मागून वाकला, कात्री वाजली, ती खोकली. त्यानं गुंडाळलं, बांधलं आणि फडकं सोडलं. आम्ही सगळे छत्र्या घेऊन बघायला गेलो होतो. फूल जांभळं होतं.

"आता हे कोणाचं?" मी फुसाएला विचारलं.

"गप्प बसा," ती म्हणाली. "मला काही कळलं की तुम्हाला सांगेन."